मदत हवी आहे: ११० व्या मराठा पलटणीतला शिपाई, मृत्यू ऑगस्ट १९१६, बसरा स्मारक (गुहागर)

नमस्कार मंडळी,

माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धात गेले ते परत आलेच नाहीत. दाभोळला बोटीत बसले आणि बसऱ्याला (आजच्या इराकमध्ये) वारले, एवढंच घरात सांगितलं जायचं. गावच्या शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. १९१४ ते १९१९ च्या युद्धात गावातून किती माणसं गेली आणि किती मेली, हे आकडे तिच्यावर आहेत. नाव एकाचंही नाही.

नाव मिळालं ते बसरा स्मारकाच्या नोंदीत, राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या साइटवर. (शोधणाऱ्यांसाठी: गुहागर टाकू नका, तेव्हा तो चिपळूण तालुक्याचा पेटा, म्हणजे पोटविभाग, होता.) बापाचं नाव, मोडक्या स्पेलिंगमधलं गावाचं नाव, हुद्दा शिपाई, ११० वी मराठा लाइट इन्फंट्री. त्या स्मारकाच्या भिंतीवर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली, आपल्या शिपायांचे मात्र पलटणीगणिक नुसते आकडे. आयोगाने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव कबूल केला, पण वाचून फार लागलं.

माणूस हाच, याची खात्री मेडलमुळे झाली. चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आहे. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला उघडा घोडेस्वार, घोड्याच्या टापांखाली ढाल आणि कवटी. कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली. त्यांच्या बायकोने वरची दांडी काढून कडी लावून घेतली आणि ते जन्मभर गळ्यात घातलं. पोलक्यावर घासून नंबरातले शेवटचे दोन आकडे गेलेत, पण उरलेले नोंदीशी जुळतात.

आता घोडं अडलंय मृत्यूच्या तारखेवर. ११० वी पलटण जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर इराकमधल्या कुट गावी तुर्कांच्या वेढ्यात होती. २९ एप्रिल १९१६ ला कुट पडलं आणि सुमारे १३,००० जण तुर्कांच्या हाती लागले. भारतीय कैद्यांना पुढे रास-अल-ऐनकडे (आजच्या सीरियात) रेल्वेच्या कामावर नेलं. ऑगस्टमधला मृत्यू म्हणजे कैदेतला, असं आधी वाटतं. पण मागाहून पाठवलेले कितीतरी जवान वेढ्यामुळे कुटला पोचलेच नव्हते. हे त्यांच्यातले असतील, तर त्या उन्हाळ्यात कॉलरा, स्कर्व्ही नाहीतर उष्माघाताने इस्पितळात गेले असतील. दहन झालेल्यांची नावंही याच स्मारकाच्या नोंदीत येतात, त्यामुळे स्मारकावरून काहीच उलगडत नाही. वाळवंटात बेवारस मेले, की शेवटी कुणी तोंडात पाणी तरी घातलं, हे मला कळायला हवंय.

जिनिव्हाच्या रेड क्रॉसने त्या युद्धातल्या कैद्यांची कार्डं ऑनलाइन ठेवली आहेत. त्यात तुर्कांच्या कैदेतले भारतीय शिपाई कुणी शोधलेत का? आडनावाशिवाय नाव कसं लावायचं? लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवलेल्या पलटणींच्या रोजनिशांत अधिकाऱ्यांची नावं असतात, शिपायांचा बहुधा आकडाच. पंजाबच्या शिपायांची रजिस्टरं लाहोर म्युझियममध्ये सापडली आणि २०२१ पासून ऑनलाइन आली. मुंबई इलाख्याचं तसं काही कुठे आहे का? शिवाय ११० वी पलटण १९२२ मध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली आणि आज ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन (दोन पॅरा) आहे. मग जुन्या कागदांसाठी बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला लिहायचं की बटालियनला? अनुभव असेल तर सांगा.

गावाकडचे कागद मला जास्त आशेचे वाटतात. वारस लागताना फेरफारात मृत्यूचा उल्लेख येतो. आमचं गाव खोती, त्यामुळे बोटखतही (खोती गावातल्या जमीन-कुळांची नोंदवही) असणार. चिपळूण तालुक्याचे हे जुने दप्तर आता तहसीलमध्ये आहे की रत्नागिरीला? चिपळूण-रत्नागिरी भागात मोडी वाचून देणारं कुणी असेल तर कृपया कळवा, योग्य मानधन देईन.

घरच्यांच्या इच्छेमुळे नाव आणि नंबर इथे उघड देत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केल्यास लगेच पाठवते. आणि एक विनंती. गुहागर, चिपळूण, दापोली, खेडमध्ये कुणाच्या घरी ११० व्या पलटणीचं मेडल असेल तर कडेवरचा नंबर पाहून सांगा. जवळपासच्या नंबरांचे जवान एकाच भरतीतले असण्याची शक्यता मोठी आहे. त्यातला एखादा परत आला असेल आणि तो कुटमध्ये होता की बाहेर हे त्याच्या घरी माहीत असेल, तर आमचंही कोडं सुटेल.