बॉयलरचे तेल दोन हिवाळे टाकीत टिकेल का?

प्रश्न

आमचे घर तेलावर चालणाऱ्या बॉयलरने तापवले जाते. यंदा लाकडाची शेगडी बसवल्यामुळे तेल कमी लागले असून, घराबाहेरच्या लोखंडी टाकीत निम्म्याहून अधिक साठा उरणार आहे. हे तेल पुढच्या, कदाचित त्याच्याही पुढच्या हिवाळ्यात वापरता येईल का? तेल टिकवणारे रसायन टाकले की पुरते, असे काहींचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

हे तेल जवळजवळ डिझेलच्याच जातीचे असते आणि टाकी चांगली असेल तर दीड-दोन वर्षे टिकणे मुळीच अवघड नाही. मात्र नुसत्या वयापेक्षा पाण्यानेच ते अधिक लवकर बिघडते, हे आधी ध्यानात घ्यावे. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री थंड होते, हवानळीतून दमट हवा आत ओढली जाते आणि तिच्यातील बाष्प आतल्या भिंतींवर थेंबाथेंबाने साचते. तेलाचे वजन लिटरमागे साधारण 0.85 किलो, म्हणजे पाण्यापेक्षा कमी असल्यामुळे हे थेंब थेट तळाशी जातात. तिथे पाणी आणि तेल जिथे एकमेकांना टेकतात, नेमक्या त्या थरात जिवाणू व बुरशी वाढतात. त्यांचा बुळबुळीत गाळ फिल्टर तुंबवतो आणि त्यांच्यापासून तयार होणारी आम्ले तळाचा पत्रा आतून खातात. बाहेरून रंग शाबूत असलेली टाकी एके दिवशी तळाशी पाझरू लागते, ती बहुधा यामुळेच.

म्हणून उन्हाळ्यापूर्वी टाकी जवळजवळ भरून ठेवावी. तेल प्रसरण पावते, त्यामुळे सुमारे 5 टक्के जागा मोकळी सोडावी. हवानळीचे टोपण आणि तेल भरण्याच्या तोंडावरील झाकणाचे रबर तपासावे, कारण पावसाचे पाणी तिथूनच शिरते.

उत्तर २

वरील कारणमीमांसा पटते, परंतु ज्यांचा वापरच घटला आहे त्यांनी टाकी भरून ठेवणे मला योग्य वाटत नाही, कारण त्यामुळे तेच तेल आणखी एखादे वर्ष पडून राहील. त्यापेक्षा साठा कमी ठेवून तळाचे पाणी नियमितपणे काढावे. मोजपट्टीच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावून ती तळापर्यंत सोडावी. पाणी असेल तेवढ्या उंचीपर्यंत पेस्टचा रंग बदलतो.

रसायनाबद्दल सांगायचे तर, तेल टिकवणारे द्रव्य ताज्या तेलातच टाकावे. हवेतील प्राणवायूमुळे तयार झालेला चिकट गाळ त्याने पुन्हा विरघळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. जंतुनाशक वेगळे असते. त्याने जंतू मरतात, पण त्यांचा मृत गाळ फिल्टरमध्येच येऊन अडकतो, तेव्हा आधी पाणी काढणे आणि हाताशी नवा फिल्टर असणे आवश्यक आहे. तेलात जैवडिझेलचे (वनस्पती तेल किंवा चरबीपासून केलेल्या इंधनाचे) मिश्रण असल्यास ते ओलावा अधिक धरते व लवकर बिघडते, त्यामुळे ते दोन वर्षे ठेवू नये. तसेच टाकीत व नळ्यांत तांबे, पितळ आणि जस्ताचा मुलामा टाळावा, कारण या धातूंमुळे तेल लवकर खराब होते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तळाच्या तोटीतून थोडे तेल काढून पाहिले, ते गढूळ आणि काळपट आहे. आता सगळेच फेकावे लागेल का?

उत्तर २

तळाच्या एका नमुन्यावरून निर्णय घेऊ नये. टाकीच्या मधल्या उंचीवरून पारदर्शक काचेच्या बाटलीत तेल घ्या, ती दिवसभर न हलवता ठेवा आणि उजेडासमोर धरून पाहा. वरचे तेल स्वच्छ दिसत असेल आणि पाणी किंवा कचरा फक्त बुडाशी बसला असेल, तर तळ उपसून उरलेले तेल गाळून वापरता येते. संपूर्ण बाटली धूसर राहिली किंवा आंबट, कुजका वास आला, तर मात्र टाकी साफ करणाऱ्या व्यावसायिकाला बोलवा आणि काढलेले तेल गटारात किंवा मातीत मुळीच ओतू नका.

नवे तेल भरताना बर्नर बंद ठेवा आणि त्यानंतर काही तास तो सुरू करू नका, कारण भरताना पडणाऱ्या धारेने ढवळलेला गाळ पुन्हा खाली बसायला वेळ लागतो. तेवढ्यात बर्नर चालू केला, तर तो सगळा गाळ फिल्टरमध्ये आणि तेल फवारणाऱ्या नोझलमध्ये जातो.