चकमक, लढाई की युद्ध?

सुईदोरा : हंगेरीतल्या १८४८च्या क्रांतीवरचा एक लेख मराठीत आणतेय. २९ सप्टेंबर १८४८ला पाकोझ्द गावाजवळ, वेलेंत्से तळ्याच्या काठी, क्रोएशियाचा बान (म्हणजे ऑस्ट्रियाच्या बादशहाचा तिथला राज्यपाल) येलाचिच आणि यानोश मोगाचं हंगेरियन सैन्य यांची गाठ पडली. काही तासांत उरकलं, माणसंही फारशी पडली नाहीत. मी 'पाकोझ्दचे युद्ध' लिहिलंय, पण खटकतंय. 'चकमक' करू का?

बोरूबहाद्दर : 'युद्ध' नकोच. युद्ध म्हणजे सगळं प्रकरण. लढाई म्हणजे त्यातला एका जागचा सामना. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध, पण वडगावची लढाई. हंगेरीचं युद्ध पुढे ऑगस्ट १८४९पर्यंत चाललं, विलागोशला हंगेरियन सेनापती गर्गेईने शस्त्रं खाली ठेवीपर्यंत.

दगडफूल : 'चकमक'ही नको. शब्द मूळचा तुर्की. गारगोटीवर पोलाद आपटलं की ठिणग्या झडतात, म्हणून चकमक 'झडते'. लढाई 'जुंपते', युद्ध 'पेटतं'. चकमकीत अवचितपणा हवा : दोन गस्तीच्या तुकड्या समोरासमोर आल्या, चार गोळ्या झाडल्या, पांगल्या. इथे येलाचिच राजधानीवर, म्हणजे पेस्तवर, चालून येत होता आणि मोगा शुकोरोच्या टेकड्यांवर तोफा मांडून वाट अडवून बसला होता. यात अवचित काय?

सुईदोरा : पण माणसं किती पडली, त्यावर नाही ठरत?

बोरूबहाद्दर : नाही ताई. येलाचिचकडे जवळजवळ दुप्पट फौज होती, तरी त्याने तीन दिवसांची तहकुबी करून व्हिएन्नाकडे काढता पाय घेतला. पेस्त वाचलं. मात्र ७ ऑक्टोबरला ओझोराला त्याची मागे राहिलेली फौज जवळपास न लढताच शरण आली, त्याला कोणी 'लढाई' म्हटलं तर मी भांडेन! जाता जाता : हंगेरियन 'हुसार' घोडेस्वार आणि पेशव्यांची 'हुजुरात' एकच ना?

दगडफूल : बोरूशेठ, नुसतं कानाला सारखं लागतंय. हुजुरात अरबी 'हुजूर'वरून आली, म्हणजे धन्याच्या खाशा तैनातीतली फौज. हुसारशी तिचं सोयरसुतक नाही.

सुईदोरा : 'पाकोझ्दची लढाई' केलं. आता 'बान' तसंच ठेवू की सुभेदार?

दगडफूल : बानच राहू दे. सुभेदार म्हटलं की मल्हारराव दिसतात.