साडेचार वर्षांच्या पोरीचा ऑनलाइन क्लास बंद केला, चुकलं का?

निशिगंध:
कोरोनामुळे शाळा बंद होऊन वर्ष झालं. लेक साडेचारची, रोज दीड तास मोबाईलसमोर. सुरुवातीला मजा वाटली, मग काय, तीस चौकोनांत स्वतःचंच तोंड बघत बसायची, टीचरचं मीच ऐकायचं, होमवर्क मीच हात धरून करून घ्यायचा आणि फोटो काढून ग्रुपवरही मीच टाकायचा. परवा बंदच केला. आता ती घड्या घालताना मोज्यांच्या जोड्या लावते, डबे लहान-मोठे रचते, मोजते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ लाच सांगितलंय, तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास स्क्रीन, कमी तेवढा बरा. या वयाचा ऑनलाइन क्लास आईबापांच्या समाधानासाठी असतो असं माझं स्पष्ट मत. बोला.

रात्रपाळी:
साफ असहमत. मोजे जुळवायला तुमच्याकडे वेळ आहे हो. आम्ही दोघं नोकरीवाले, पोरगा एकुलता एक, दिवसभरात दुसरं लहान पोर त्याला दिसतं ते फक्त त्या चौकोनांत. आणि तो १ तास बसून बघण्याबद्दल आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना दीड वर्षाच्या आतल्या बाळांना स्क्रीन नको म्हणते, पण व्हिडिओ कॉल त्यातून वगळते. का? समोरचं माणूस उत्तर देतं म्हणून.

मनीमाऊ:
निशिगंध +१. आमच्याकडे क्लास म्हणजे रोजची रडारड.

बालवाडीताई:
मी स्क्रीनच्या पलीकडची, शिकवणारी. तीस मुलांचा क्लास हा क्लासच नाही, हे मीच सांगते. पाच-सहा मुलं, वीस मिनिटं, "पळत जा आणि लाल वस्तू आण" असं काही असेल तर मुलं खुलतात. पण मागून आई "सांग ना, सांग ना, काल पाठ केलंस ना" करत असते! आणि लिहायची घाई नको, मनगटाची हाडं अजून पक्की व्हायची असतात. कपड्यांचे चिमटे लावायला द्या, कागद फाडायला द्या, बोटांत जोर तिथून येतो, मग पेन्सिल आपोआप धरतात.

काटेकोर:
हे सगळं ऐकायला छान, पण पहिलीत गेल्यावर बाकीची मुलं वाचतील आणि आपलं चिमटे लावत बसेल त्याचं काय?

मनीमाऊ:
फिनलंडमध्ये शाळाच सातव्या वर्षी सुरू होते, कुठे अडलं त्यांचं?

रात्रपाळी:
आलं फिनलंड! वाटच बघत होतो. अहो, तिथली मुलं सातपर्यंत घरात बसून आईच्या मीटिंगा ऐकत नाहीत, बालवाडीत इतर मुलांबरोबर खेळतात, शिकलेली माणसं असतात सोबतीला. आपल्याकडे तेच तर बंद आहे ना सध्या.

निशिगंध:
काटेकोर, वाचायला शिकेल हो, रोज रात्री गोष्ट वाचते तिला, पानावर बोट ठेवून स्वतःच सांगते आता, चुकीची का असेना. क्लास परत लावणार नाही. पण रात्रपाळी, तुमचं ते दुसऱ्या पोरांचं वाचलं आणि आठवलं, काल तिने मोज्यांना मैत्रिणींची नावं दिली होती.

रात्रपाळी:
मग रविवारी त्यातल्या एकीला कॉल लावा की. टीचर नको, होमवर्क नको.

निशिगंध:
लावते. वीस मिनिटं. आणि मी मागून बोलणार नाही, बालवाडीताई, प्रयत्न करते.