डेव्हलपरवरून टीम लीड, घेऊ का नको? सल्ला हवाय

घोळात_पडलेला: नमस्कार मंडळी, ९ वर्षं बॅकएंडला आहे, जावा आणि डेटाबेस यापलीकडे फारसं काही केलेलं नाही. आमचा लीड दुसऱ्या प्रोजेक्टवर चाललाय आणि वरून विचारणा झालीये की ६ जणांची टीम तू सांभाळशील का, सोमवारपर्यंत सांगायचंय. कोड सुटला की गंज चढेल ही भीती, आणि नाही म्हटलं तर बाहेरून कोणीतरी डोक्यावर येऊन बसेल हीपण आहेच. ज्यांनी उडी मारलीये त्यांनी सांगा. कोर्स-बिर्स सुचवू नका प्लीज, तीन अर्धवट पडलेत.

जुनाखोड: आधी विचार की लीड म्हणजे नक्की काय देताय. टेक लीड असेल तर डिझाइनचे निर्णय तुझे, मॅनेजर असेल तर अप्रेझल, सुट्ट्या, हायरिंग, रुसवेफुगवे सगळं तुझं. बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकाच्याच गळ्यात घालतात आणि वर म्हणतात निम्मा वेळ कोडिंगपण कर.

मर्ज_कॉन्फ्लिक्ट: मी केलेला गाढवपणा सांगतो. लीड झाल्यावर एका ज्युनियरचा पुल रिक्वेस्ट आला (म्हणजे त्याचा कोड, मुख्य कोडमध्ये घेण्याआधी तपासायला), लूपमध्ये प्रत्येक ऑर्डरसाठी डेटाबेसला वेगळी क्वेरी, मला बघवेना. रात्री साडेअकराला त्याच्याच ब्रँचवर (कोडच्या त्याच्या प्रतीवर) बसून ४०० ओळी मीच लिहून काढल्या, मुख्य कोडमध्ये मर्ज केलं आणि मस्त झोपलो. सकाळी स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, तो म्हणाला, "माझ्याकडे आज काही नाही." एवढंच. त्यानंतर तो पाठवायचा ते अर्धंकच्चंच, कारण शेवटी मी बदलणारच होतो ना! हे निस्तरायला सहा महिने गेले. "१००० ऑर्डर असल्या तर डेटाबेसला किती फेऱ्या?" एवढी एक कॉमेंट टाकली असती तर १००१ (एक यादीसाठी, बाकी एकेका ऑर्डरसाठी) हे उत्तर त्यानेच काढलं असतं आणि सगळं एकाच क्वेरीत आणणारा जॉइनही त्यानेच लावला असता.

कोड सोडू नकोस, पण ज्याच्यावर रिलीज अडेल असं काम स्वतःकडे घेऊ नकोस, तू मीटिंगमध्ये अडकणार आणि बाकीचे तुझी वाट बघत बसणार. किरकोळ बग घे, सारख्या फेल होऊन रडणाऱ्या टेस्ट घे.

निवांत_ताई: वन-ऑन-वन सुरू कर, म्हणजे एकेकाशी वेगळं बोलणं, दर आठवड्याला प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे तुझे ३ तास. स्टेटस विचारू नकोस, ते टीमच्या कामाच्या बोर्डवर दिसतंच. पहिल्या दोनदा समोरचा "सगळं ठीक आहे" म्हणेल, तिसऱ्यांदा बोलायला लागेल, पण मध्येच रद्द केलंस तर पुन्हा पहिल्यापासून. आणि कालपर्यंत ज्यांच्यासोबत मॅनेजरला शिव्या घातल्या ते आता तुला वगळून वेगळा ग्रुप काढतील, मनाला लावून घेऊ नकोस, त्यांना तो लागतो.

जुनाखोड: एक राहिलं. डेडलाइन हुकायला लागली की वरचे म्हणतील दोन माणसं वाढवून देतो. लगेच हो म्हणू नकोस. ६ जणांत बोलायच्या जोड्या १५, ८ जणांत २८, आणि नवीन लोकांना शिकवणार कोण, तर जे आत्ता कोड लिहितायत तेच. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की अजून उशीर होतो हे सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर पुस्तक लिहिणाऱ्या फ्रेड ब्रुक्सने १९७५ मध्येच सांगून ठेवलंय, तरी दरवेळी तेच.

घोळात_पडलेला: परत फिरता येतं का?

निवांत_ताई: मी फिरले दीड वर्षाने. गंज महिन्याभरात उतरला, लोकांना "हिला जमलं नाही" वाटणं त्याहून जास्त दिवस टिकलं. सहा महिन्यांनी दोघं मिळून ठरवू, असं मॅनेजरशी आत्ताच बोलून ठेव.

घोळात_पडलेला: टेक लीड चालेल, अप्रेझल नको, असं सोमवारी सांगून बघतो. बाकी मर्ज_कॉन्फ्लिक्ट, तुमचे ते साडेअकरा वाचून गप्पच बसलो, गेल्या गुरुवारी मी सेम हेच केलंय आणि अजून लीडपण झालेलो नाही.