मदत हवी आहे: २०२१ च्या नॅशनल्सचे विजेते कोण? (तातडीचे)

शमा_मि
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात स्केटिंगवर माझा लेख आहे. सोबत २०१८ ते २०२२ च्या राष्ट्रीय विजेत्यांचा तक्ता द्यायचाय. बाकी वर्षं भरून झाली, २०२१ ची चौकट तेवढी रिकामी आहे. नेटवर एका ठिकाणी ते वर्षच गाळलंय, दुसरीकडे नुसती रेघ. आज रात्री पानं बंद होतायत. चारही गटांची नावं हवीत. कुणाकडे असतील तर लगेच द्या, प्लीज.

टिळकरोड
कुठलं स्केटिंग? रोलर असेल तर स्पीडचे विजेते वेगळे, आर्टिस्टिकचे वेगळे आणि त्यातही वयोगट. माझा भाचा पुण्यात आर्टिस्टिक करतो, क्वाड्सवर, म्हणजे चार चाकांच्या स्केट्सवर. त्याच्या सरांना विचारून सांगतो, फक्त वयोगट कळवा.

शमा_मि
रोलर नाही हो, बर्फावरचं. फिगर स्केटिंग. चार गट म्हणजे पुरुष, महिला, जोडी आणि आइस डान्स. सीनियर.

बोरकर_काका
बर्फावरचं स्केटिंग म्हटलं की आपल्याकडे आधी सिमला. तिथली रिंक १९२० सालची. उघड्यावर पाणी सोडून थंडीने गोठवतात, त्यामुळे मोसम हवामानाच्या मर्जीवर. डेहराडूनला २०११ च्या साउथ एशियन विंटर गेम्ससाठी चांगली बंदिस्त रिंक बांधली आणि खेळ संपल्यावर ती कित्येक वर्षं बंद पडून राहिली. गुरुग्रामला मॉलमधल्या रिंकवर मुलं सराव करतात. एवढ्याशा जागेवर ही मुलं राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचतात, हे तुमच्या लेखात यायलाच हवं.

शमा_मि
काका, माहिती छान आहे, पण मला कॅनडाचे विजेते हवेत. मी मिसिसागात राहते, प्रोफाइलवर लिहिलंय.

अभय_को
प्रोफाइल कोण बघतं? देश आधी सांगायचा. हे घ्या, २०२१: नेथन चेन, ब्रेडी टेनेल, निरिम–फ्रेझियर, हबल–डोनोह्यू.

रानपाखरू
अभय, ही अमेरिकेची यादी झाली, लास व्हेगासची.
शमा, कॅनडाची २०२१ ची स्पर्धा झालीच नाही. व्हँकुव्हरला ८ ते १४ फेब्रुवारीला ठरली होती, कोविडमुळे जानेवारीत रद्द केली. विजेते नाहीतच, म्हणून नावं सापडत नाहीयेत.

शमा_मि
अरे देवा. मग चौकटीत काय लिहू? मांडणी करणारा म्हणतोय की मोकळी जागा चुकल्यासारखी दिसते, २०२० चीच नावं पुन्हा टाकू.

नूतन_प
रद्द झालेल्या स्पर्धेच्या तिकिटाचे पैसे ज्या कार्डावरून भरले त्यावरच परत येतात. आले नसतील तर बँकेत लेखी तक्रार द्या, नुसता फोन करून काही होत नाही. आम्ही एका संगीत महोत्सवाचे असेच मिळवले.

अभय_को
सोपं आहे. त्या मार्चमध्ये स्टॉकहोमच्या वर्ल्डला, म्हणजे जागतिक स्पर्धेला, कॅनडाकडून जे गेले तेच देशातले सर्वोत्तम. मेसिंग, स्किझस, मूर-टॉवर्स–मरिनारो, गिल्स–प्वारिए. टाका आणि पानं बंद करा.

रानपाखरू
कृपा करून असं करू नका. निवड वेगळी आणि विजेतेपद वेगळं. आइस डान्समध्ये कॅनडाच्या तीन जोड्या स्टॉकहोमला गेल्या होत्या, गिल्स–प्वारिए, फूर्निए बोद्री–सोरेन्सन आणि लाजुआ–लागा. त्यातली विजेती कुठली, हे तुम्ही ठरवणार? गिल्स–प्वारिएंनी तिथे ब्राँझ मिळवलं हे खरं, पण ते वर्ल्डचं पदक आहे.
२०२० चीही पुन्हा टाकू नका. तेव्हा तुमच्याच मिसिसागात रोमन सॅडोव्स्की आणि एमिली बॉसबॅक जिंकले होते. स्टॉकहोमला पुरुषांत मेसिंग गेला, महिलांत स्किझसही होती. फेब्रुवारीत हे चौघं बर्फावर उतरले असते तर काय झालं असतं, कुणीच सांगू शकत नाही.
आणि २०२२ चं जोडीचं नाव काय लिहिलंय तेही सांगा.

शमा_मि
जेम्स–रॅडफर्ड. तेच बीजिंग ऑलिंपिकला गेले ना?

रानपाखरू
गेले, पण त्या वर्षी ओटावाला त्यांनी शॉर्ट प्रोग्रॅमनंतर, म्हणजे दोनपैकी पहिल्या फेरीनंतर, माघार घेतली होती. विजेते मूर-टॉवर्स–मरिनारो. बदलून घ्या. अभय, निवड आणि विजेतेपद एक नसतं ते हे असं.

अभय_को
ठीक, मुद्दा मान्य. पण रद्द करायची गरजच नव्हती. अमेरिकेने स्पर्धा सॅन होजेहून व्हेगासला हलवली, खेळाडूंना बबलमध्ये, म्हणजे बाहेरच्यांपासून अलग ठेवलं, प्रेक्षक घेतले नाहीत आणि जानेवारीत पार पाडली. कॅनडाकडे काय कमी होतं?

मंजिरी_ब्रॅम्प्टन
बर्फ कमी होता. ओंटारियोत १४ जानेवारीपासून घरातच राहायचा हुकूम होता, क्वेबेकमध्ये ९ तारखेपासून रात्री आठनंतर संचारबंदी. एका प्रांतात रिंक बंद आणि दुसऱ्यात उघडी. काहींना महिनोन् महिने सराव नाही, काहींना रोजचा, आणि मग सगळ्यांना विमानाने व्हँकुव्हरला बोलवून एकाच पट्टीने गुण द्यायचे? मेसिंग तर अलास्कात राहतो, त्याला देशाची सीमा ओलांडून यावं लागलं असतं. बबल उभारला तरी त्याच्या दारापर्यंत मुलांनी पोचायचं कसं?
माझी मुलगी त्या पातळीची नव्हती, पण तोही मोसम तिच्या वयातून गेलाच. ड्राइव्ह-वेवर साध्या बुटांनी उड्या मारायची, तळघरात स्पिनरवर, म्हणजे पायाखाली फिरणाऱ्या छोट्या पट्टीवर, गिरक्या. त्या हिवाळ्यासाठी घेतलेले बूट पायाला बसायच्या आधीच लहान झाले. तिच्या क्लबातल्या मोठ्या मुलींनी तर त्या वर्षी खेळ सोडला, कारण पुढच्या वर्षी कॉलेज. त्यांची नावं तशीही कुठल्या तक्त्यात आली नसती. म्हणून शमाताई, तेवढी चौकट खोट्या नावांनी भरू नका. काय झालं ते लिहा.

अभय_को
ताई, मुलांचं वाईट वाटतं. तरीही माझं मत कायम आहे. घेता आली असती, निदान थोडी पुढे ढकलून.

मंजिरी_ब्रॅम्प्टन
कुठवर ढकलणार? वर्ल्ड २२ मार्चला सुरू होत होतं.

बोरकर_काका
मोठ्या स्पर्धा बुडण्याचा इतिहासही द्या. दोन्ही महायुद्धांत वर्ल्ड झालं नाही. १९६१ ला प्रागचं रद्द झालं, कारण १५ फेब्रुवारीला ब्रसेल्सजवळ विमान पडून अमेरिकेचा अख्खा संघ गेला. त्यानंतर थेट मार्च २०२० चं माँट्रियल.

शमा_मि
काका, माँट्रियलचं लेखात आहे, प्रागचं एका वाक्यात घेते. सिमल्याला जागा नाही, पुढच्या अंकात नक्की.
२०२१ ची ओळ अशी करतेय, चारही रकाने जोडून: "व्हँकुव्हर, ८ ते १४ फेब्रुवारी. कोविड-१९ मुळे स्पर्धा रद्द. कुणालाही विजेतेपद नाही." २०२२ ची जोडीही बदलली. रानपाखरू, बाकीची नावं एकदा बघाल का? २०१८ पॅट्रिक चॅन आणि गॅब्रिएल डेलमन, २०१९ नॅम न्यूएन आणि अलेन शार्ट्रां. अर्धा तास आहे.

रानपाखरू
चारही बरोबर. ओळही अशीच राहू दे. २०२२ ची स्पर्धाही प्रेक्षकांविना झाली होती, जागा असेल तर तेही घाला.

टिळकरोड
भाच्याला क्वाड्सवरून ब्लेडवर जायचंय. गुरुग्रामला उन्हाळी शिबिर असतं का?

मंजिरी_ब्रॅम्प्टन
त्यासाठी वेगळा धागा काढा. त्यात त्याचं वय लिहा आणि सध्या कुठल्या उड्या येतात तेही.