उजव्या अंगठ्याचं नख अर्धंच आलंय, त्यावर कृत्रिम नख टिकेल का? (कथक करते)

तत्कार_कोथरूड

नमस्कार. प्रश्न लांबलाय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळंच लिहिते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत गॅसचा भरलेला सिलिंडर ओट्याखाली सरकवताना कलला आणि त्याची खालची कड उजव्या पायाच्या अंगठ्यावर आली. भरलेला सिलिंडर म्हणजे २९-३० किलो वजन. एक्सरेत हाड शाबूत निघालं, पण नख काळंनिळं पडलं, आठवड्यात हलायला लागलं, शेवटी सर्जननी ते पूर्ण काढलं. "येईल वर्षभरात," म्हणाले. आलंही, पण अर्ध्यावर येऊन थांबलं. गेले पाच महिने तिथेच आहे. जाड झालंय, आडव्या वळ्या पडल्यात, आणि पुढे जिथे नख असायला हवं तिथे बोटाचं मांस उंचवट्यासारखं वर आलंय. मोजा घालताना ते अर्धं नख अडकतं.

वय ४१, नोकरी बँकेत. ऑफिसात बंद बूट चालतात, तिथे कुणाला दिसत नाही. पण मी १९ वर्षं कथक करतेय आणि तिथे पाय झाकता येत नाहीत. आळता लावायला बसले की त्या बोटाशी हात थांबतो. क्लासमध्ये मुली पायांकडे बघतात, कारण आम्ही त्यांना पायांकडेच बघायला शिकवतो. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाला अडीच महिने उरलेत आणि यंदा बाईंनी मला एकल द्यायचं ठरवलंय.

मार्चमध्ये एका पार्लरमध्ये ॲक्रिलिकचं नख बसवून घेतलं. अर्धं खऱ्या नखावर, अर्धं कातडीवर. वास इतका उग्र होता की डोळ्यांतून पाणी आलं. दिसायला सुंदर दिसलं, खोटं कशाला बोलू, मी गाडीत बसून रडले. नवव्या दिवशी रियाजात, चौपटीला (चौपट लयीत), ते उचकटलं आणि सोबत खऱ्या नखाचा एक पापुद्रा घेऊन आलं. फरशीवर रक्त. बाईंनी रियाज थांबवला.

तेव्हा विचारायचंय ते असं: अशा अर्ध्या नखावर काही बसतं का? बसलं तर तत्काराचा, म्हणजे पायांच्या ठोक्यांचा, मार सोसेल का? की मी हा नाद सोडावा?

नखकाम_डोंबिवली

ताई, नाद सोडू नका, पण घाईही करू नका. मी १२ वर्षं नखांचं काम करते आणि पायाच्या अंगठ्याचं नख गेलेल्या बायका माझ्याकडे महिन्याला दोन-तीन तरी येतात. कुणाचा दरवाज्यात अंगठा सापडलेला, कुणाचं बुरशीने गेलेलं. त्या खुर्चीत बसतात आणि पहिल्यांदा पाय मागे घेतात. मला ते कळतं.

तुमच्या बाबतीत काय झालं ते सांगते. कृत्रिम नख कातडीला धरत नाही. जेल असो, ॲक्रिलिक असो, त्याला खाली खरं, कोरडं, फाइलने खडबडीत केलेलं नख लागतं. कातडीला सतत ओल असते. माल बसल्यासारखा दिसतो आणि आतून दोन दिवसांत सुटतो. मग सगळा भार मागच्या अर्ध्या खऱ्या नखावर. तुम्ही पंजा ठोकला की मांस पसरून खालून वर येतं, नखाचं पुढचं टोक उचलतं आणि मागचं खरं नख पहारीने फरशी उचकटावी तसं उपटलं जातं. तुमचा पापुद्रा निघाला तो असा.

त्यात तो उग्र वास. काढताना ॲसिटोनमध्ये विरघळत नव्हतं का? तसं असेल तर ते एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट हे रसायन) असण्याची शक्यता आहे. ते स्वस्त पडतं आणि दगडासारखं कडक होतं. धक्का बसला तर ते तुटत नाही, खालचं खरं नख तोडतं. अमेरिकेत १९७० च्या दशकातच त्यावर कारवाई झाली होती, तरी बाजारात अजून सापडतं. चांगल्या ॲक्रिलिकमध्ये ईएमए (इथाइल मेथाक्रिलेट) असतं. बाटली बघायला मागा, दाखवत नसतील तर उठून या.

माझ्या हातून झालेली एक गोष्टही सांगते. सात वर्षांपूर्वी एक काकू आल्या, मुलीचं लग्न होतं. "थोडी शुगर आहे," असं बोलता बोलता म्हणाल्या. मी ते ऐकलं आणि पुढे गेले. अंगठ्यावर ॲक्रिलिक केलं, कड जरा जाड राहिली. लग्नाच्या चपलेत ती कड शेजारच्या बोटात चार दिवस रुतत होती आणि त्यांना काही जाणवलंच नाही, कारण पायाची संवेदना कमी झालेली. दोन महिने ड्रेसिंग चाललं. मी दर रविवारी भेटायला जात होते. तेव्हापासून नखाकडे बघायच्या आधी मी शुगर विचारते. मधुमेह असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर मी हात लावत नाही, डॉक्टरांकडे पाठवते. तुम्हीही हे आधी बघून घ्या.

आता तुमचं. पायाच्या नखाला मी ॲक्रिलिक करत नाही, रबर बेस वापरते. ते भिजवून निघणारं जेल आहे, सुकल्यावरही थोडं लवचिक राहतं, बोटाबरोबर वाकतं. माझा स्वतःचा नियम असा की निदान एक तृतीयांश खरं, घट्ट बसलेलं नख हवं. तुमचं अर्धं आहे, म्हणजे जागा आहे. पण ते जाड नख आधी हलक्या हाताने पातळ करावं लागेल आणि जिथे ते खालच्या मांसल गादीपासून सुटलंय तो भाग कापून टाकावा लागेल. सुटलेल्या नखावर जेल घातलं तर आत पाणी साचतं आणि हिरवा डाग पडतो, तो जिवाणूंचा असतो.

आणि आकार बसून ठरवायचा नाही. मी बाईला उभी करते. थंड लादीवर अनवाणी, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. मग खाली बसून बघते की अंगठ्याचं मांस पुढे किती पसरतं, किती वर येतं. बसल्यावर दिसणारा अंगठा आणि उभ्याने दिसणारा अंगठा यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. तुम्हाला तर मी चार आवर्तनं तत्कार करायला लावेन आणि मगच पेन्सिलने खूण करेन. त्या मांसाच्या आत नख संपलं पाहिजे, पुढे एक केसही नको. पातळ थर, प्रत्येक थर वेगळा, जेल सुकवणाऱ्या लॅम्पखाली. चटका बसला तर पाय लगेच बाहेर. सहन करत बसायचं नाही, थर जाड झाल्याची ती खूण आहे. कच्चं जेल कातडीला लागू द्यायचं नाही. त्याची ॲलर्जी एकदा बसली की जन्माची, पुढे दाताच्या फिलिंगलाही त्रास होऊ शकतो.

कार्यक्रमाच्या आधी तीन आठवडे एकदा करून बघा, त्यावर पूर्ण रियाज करा, मग काढा. पुन्हा कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी. झालं की आठवड्यात काढून टाका, आणि ओढून कधीच नाही. वरचा थर फाइल करून ॲसिटोनचा कापूस, वर फॉइल.

पण हे सगळं नंतर. आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. जाड झालेलं नख झाकायच्या आधी ते जाड का झालं हे कळायला हवं.

त्वचाविकार_मिरज

वरच्या ताईंनी शेवटी जे लिहिलंय ते सगळ्यात आधी करा. जाड, वेडंवाकडं नख म्हणजे बुरशीच, असं धरून गोळ्या घेणारे रोज येतात. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी सापडते. नखाखालचा चुरा काढून केओएच तपासणी (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी बघतात) आणि कल्चर (बुरशी वाढते का ते बघतात) करून घ्या. कल्चरला चार आठवडे लागू शकतात, म्हणून आजच द्या. बुरशी निघालीच तर पायाच्या नखाला टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज, १२ आठवडे असा नेहमीचा कोर्स असतो, तोही यकृताची तपासणी करून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तपासणीच्या वेळी नखावर काही लावलेलं नको.

तुमच्या वर्णनातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट मात्र पुढचा उंचवटा. नख बराच काळ नसलं की बोटाच्या टोकाचं मांस दाबून धरायला वर काही राहत नाही. ते वर येतं आणि वाढणारं नख त्याला जाऊन धडकतं. पुढे सरकता येत नाही म्हणून जाड होत जातं. खाली नखाची गादीही हळूहळू आखडते. अशा वेळी लवचिक चिकटपट्टीने ते मांस रोज खाली आणि पुढे ओढून बांधतात. नीट बसवलेलं कृत्रिम नखही हेच दाबून धरण्याचं काम करतं, म्हणजे ते निव्वळ शोभेचं नाही. अर्थात नखाच्या मुळालाच इजा झाली असेल तर तेवढा भाग परत येत नाही. ते तपासून सांगता येईल.

पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला सुमारे दीड मिलिमीटर वाढतं, पूर्ण यायला १२ ते १८ महिने लागतात. घाई करू नका.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक: नखाखाली काळा डाग किंवा पट्टा असेल आणि तो नखाबरोबर पुढे सरकत नसेल, तर त्यावर काहीही बसवू नका, आधी दाखवा. गायक बॉब मार्ले यांच्या अंगठ्याची जखम आधी फुटबॉलची समजली गेली होती. १९७७ मध्ये तो नखाखालचा मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग, निघाला आणि १९८१ मध्ये, ३६ व्या वर्षी, ते गेले. मार लागला होता म्हणून काळं पडलं असेल, असं आपण फार सहज म्हणतो.

श्टुटगार्टकर_मुक्ता

मी हे करून घेतलंय म्हणून लिहिते. इकडे जर्मनीत पोडोलोग नावाचा स्वतंत्र व्यवसाय आहे, फक्त पायांचा, आणि २००२ पासून त्याला कायदाच आहे. शिक्षण घेतल्याशिवाय ती पाटी लावता येत नाही. माझं नख डोंगर उतरताना बुटात आपटून गेलं. त्या बाईंनी पहिली भेट नुसती बघण्यात आणि जुने बूट तपासण्यात घालवली. अंगठ्यापुढे बोटभर जागा नाही, असे बूट पुन्हा घालायचे नाहीत, म्हणाल्या. मग लवचिक जेल, लॅम्पखाली, आणि दर पाच-सहा आठवड्यांनी नवीन. पैसे स्वतःचेच भरले, विम्यात बसलं नाही. मी नाचत नाही, पण डोंगर चढते, आणि ते टिकलं. कोथरूडच्या ताई, तुमचे बँकेतले बंद बूट एकदा बघाच.

तत्कार_कोथरूड

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, म्हणून काय झालं ते कळवायला परत आलेय. गुरुपौर्णिमा होऊन बारा दिवस झाले.

शुगर तपासली, नॉर्मल आहे. केओएचमध्ये काही नाही आणि कल्चरही कोरं आलं. डॉक्टरांनी मिरजेच्या डॉक्टरांसारखंच सांगितलं, उंचवटा अडवतोय. रोज रात्री पट्टी बांधायला लागले: मांसावर चिकटवायची, खाली ओढायची, तळव्याकडे वळवायची. पहिले दोन आठवडे काहीच फरक नाही, मी जवळजवळ सोडणार होते. मुक्ताताई, बूट अर्धा नंबर मोठे घेतले. जुन्या उजव्या बुटात आत हात घालून बघितलं तर अंगठ्याच्या जागी अस्तर घासून भोक पडायला आलं होतं. रोज आठ तास मी ते घालत होते.

मग एका रविवारी डोंबिवली गाठली. ताईंनी खरंच मला लादीवर उभं केलं आणि तत्कार करायला लावला. ता थेई थेई तत्, खाली बसून त्या बघत होत्या, हातात पेन्सिल. आयुष्यात कुणी माझा अंगठा इतक्या आदराने पाहिला नसेल. नख केलं ते इतकं आखूड की मला आधी वाईटच वाटलं. चाचणीच्या वेळी चौदाव्या दिवशी एका कडेला किंचित सुटलं, ते त्यांनी काढून टाकलं आणि दुसऱ्या वेळी ती कड आणखी आत घेतली.

कार्यक्रमात ४० मिनिटं नाचले. चक्कर घेताना डाव्या टाचेवर फिरते मी आणि उजवा पाय ठोकत जातो, म्हणजे सगळा मार त्याच पंजावर. हललं नाही. आळता आईने लावला, दहाही बोटांना.

परवा भिजवून काढलं. खाली खरं नख जिथे पाच महिने थांबलं होतं, त्या जुन्या आडव्या वळीच्या मागे आता गुळगुळीत, पातळ नख आलंय आणि ती वळी पुढे सरकलीय. पट्टी लावून मोजलं, साडेतीन मिलिमीटर. आज रात्रीची पट्टी बांधून हे लिहितेय.