मदत हवी आहे : 'गुड' कुठे आणि 'वेल' कुठे?

नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे, सेमी-इंग्रजीत. माझं सगळं शिक्षण मराठीतून, तरी रात्री जेवणं उरकली की आम्ही दोघी तिचं इंग्रजी घेऊन बसतो. परवा तिने 'शी सिंग्ज गुड' लिहिलं, तर बाईंनी लाल शाईने 'गुड' खोडून 'वेल' केलं. मी म्हटलं, क्रियापदापुढे क्रियाविशेषणच लावायचं. काल ती 'द सूप टेस्ट्स वेल' लिहून आली. तेही खोडलेलं, वर 'गुड'! रडवेली होऊन म्हणाली, "आई, तूच सांगितलंस ना?" मला उत्तर देता आलं नाही.

आपण 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते' म्हणतो. चांगलं असतं ते गाणं, पण शब्द बदलतो गाणाऱ्याप्रमाणे. त्यामुळे विशेषण कुठलं, क्रियाविशेषण कुठलं, हे कानाला कळतच नाही. इंग्रजी शब्दाच्या शेवटच्या 'ली'वरून क्रियाविशेषण ओळखावं तर 'वर्क्स हार्ड' म्हणजे कष्ट करतो आणि 'हार्डली वर्क्स' म्हणजे जेमतेमच काम करतो!

शिवाय 'स्टॉप्ड टॉकिंग' आणि 'स्टॉप्ड टू टॉक' यांत फरक काय? शनिवारी चाचणी आहे. कोणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद १
ताई, नियम बरोबरच सांगितलात, फक्त अर्धा. 'टेस्ट'ला मराठीत दोन क्रियापदं आहेत. सूप चांगलं 'लागतं', तिथे गुण सुपाचा, म्हणून 'गुड'. पण कोणी जपून 'चव घेतली' तर ती कृती, तिथे 'टेस्टेड द सूप केअरफुली'. शंका आली की क्रियापदाच्या जागी 'इज' ठेवा. 'द सूप इज गुड' म्हटलं तरी अर्थ तोच राहतो. 'शी इज गुड' म्हटलं की गाणंच नाहीसं होतं.

दुसऱ्याचं उत्तर तुमच्या तोंडातच आहे. 'बोलायची थांबली' म्हणजे 'स्टॉप्ड टॉकिंग', 'बोलायला थांबली' म्हणजे 'स्टॉप्ड टू टॉक'. मात्र सगळीकडे मराठीवर जाऊ नका. 'पोहायला आवडतं' म्हणून मुलं 'एन्जॉय टू स्विम' लिहितात. 'एन्जॉय'पुढे 'स्विमिंग'च हवं.

धागाकर्ती
खूप आभार! 'लागतं' आणि 'चव घेतली' तिला लगेच पटलं. आता विचारतेय, 'लुक्ड अँग्री' की 'लुक्ड अँग्रिली'?

प्रतिसाद २
दोन्ही. रागावलेला 'दिसला' तर 'अँग्री'. रागाने 'पाहिलं' तर 'अँग्रिली', आणि कोणाकडे ते सांगायला पुढे 'ॲट'.